माणूस पाठवताना घरही मोजा : जर्मनी योजनेच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जर्मनीला कुशल मनुष्यबळ पाठवण्याच्या योजनेचं काम पाहणारे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

2024 साली महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात करार झाला. आपल्याकडून दहा हजार कुशल माणसं तिकडे पाठवायचं ठरलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी यादी आम्ही वाचली आणि ती आम्हाला आमच्या घराबद्दलच वाटली, कारण आम्ही त्याच राज्यात राहतो. नेकर नदीच्या काठचं लहान शहर आहे, श्टुटगार्टपासून लोकल रेल्वेने जवळ. माझी बायको इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. मी तिचा नवरा. जर्मन कागदपत्रांत माझी ओळख एवढीच आहे आणि या पत्रापुरती तीच बरोबर आहे.

आम्ही तुमच्या योजनेतून आलेलो नाही. एका खासगी एजन्सीमार्फत आधी ती आली, मागाहून दोन मुलांना घेऊन मी आलो. तेव्हा शासनाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तुमच्या फाइलमध्ये 'उमेदवार' म्हणून एक नाव असतं. त्याची पदवी, त्याची भाषा, त्याचा व्हिसा, सगळं त्या एका नावाभोवती फिरतं. पण तो माणूस इथे टिकणार की दीड वर्षात सामान बांधणार, हे बहुतेक वेळा त्याच्या कामावर ठरत नाही. ते त्याच्या घरी ठरतं. जोडीदाराला बसमध्ये, दुकानात, शाळेत बोलता येतंय का, मुलांना शाळेत धड जागा मिळाली का, घर मिळालं का, यावर ठरतं. आणि या बाजूची तयारी आपल्याकडे कुणी करून घेत नाही. एजन्सीवाले तर नाहीच नाही. त्यांचं कमिशन रुजू होण्याच्या तारखेला संपतं.

सुरुवात घरापासून करतो. बायको आली तेव्हा रुग्णालयाच्या कर्मचारी वसतिगृहात एक खोली होती. एकट्या माणसाला ती पुष्कळ. चौघांसाठी भाड्याचं घर शोधायला लागल्यावर कळलं, की घरमालकाला तीन गोष्टी हव्या असतात : शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, उधारी वेळेवर फेडल्याचा शूफा नावाचा दाखला, आणि तुमच्याशी जर्मनमध्ये गप्पा. नव्या माणसाकडे शूफात काही जमाच नसतं. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तिप्पट रक्कम मागता येते. कायद्याने ती कमाल मर्यादा आहे आणि व्यवहारात सगळे कमालच मागतात. वर घर मिळालं तरी त्यात स्वयंपाकघर असेलच असं नाही. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून पाण्याच्या दोन तोट्या डोकावत असतात आणि छताला दिव्याच्या जागी वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू त्याचा ओटा उखडून घेऊन गेलेला असतो, कारण तो त्याचाच असतो. हे इथल्या लोकांना इतकं स्वाभाविक वाटतं, की सांगावं असं कुणाच्या मनातही येत नाही. पहिल्या पगारांचं गणित मांडून देताना त्यात हा ओटा धरा, अशी माझी विनंती आहे.

पगाराचंच निघालं आहे म्हणून सांगतो. मेळाव्यांत आकडा सांगितला जातो तो करारावरचा. हातात येतो तो कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा कापून. त्यातही कुटुंब भारतात असेपर्यंत विवाहित माणसालाही सहसा एकट्याच्या करवर्गात बसवतात; घरचे इथे येऊन त्यांची नोंदणी झाली, की करवर्ग बदलतो आणि हातात चार पैसे जास्त पडतात. 'आधी जम बसवू, मग घरच्यांना आणू' असं जे आपण सर्रास ठरवतो, त्याचा हिशेब या एका गोष्टीमुळे बदलू शकतो. मी हिशेबनीस होतो, म्हणून हे मला शोधून काढता आलं. प्रत्येक परिचारिकेचा नवरा हिशेबनीस नसतो.

आता टपालपेटीची गोष्ट. ती क्षुल्लक वाटेल, पण तीवरून बाकीचं सगळं लक्षात येईल.

इथे नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद सोबत लागतो. ही नोंद झाली, की करक्रमांक, विमाकार्ड, बँकेचा पिन, मुलांच्या शाळेची पत्रं हे सगळं टपालाने घरी येतं. आपल्यासारखा एसएमएस नाही, कुणी फोन करत नाही. पत्र येतं. आणि इथल्या बहुतेक इमारतींना फ्लॅट क्रमांक नसतो, पत्त्यात इमारतीचा क्रमांक तेवढा. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो आणि त्याप्रमाणे पत्रं टाकतो. आमच्या पेटीवर बायकोचं आडनाव होतं, कारण भाडेकरार तिच्या नावावर. ते तिचं माहेरचं आडनाव, कारण तिची पदवी, नर्सिंग परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट त्याच नावावर. माझं आणि मुलांचं आडनाव वेगळं. त्यामुळे तिची पत्रं येत राहिली आणि आमची तिघांची 'या पत्त्यावर असं कुणी राहत नाही' म्हणून परत जात राहिली. करक्रमांक नाही म्हणून मुलांच्या भत्त्याचा अर्ज अडला, भत्त्याचा अर्ज अडला म्हणून पहिल्या हिवाळ्याचे कोट उधारीवर आले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात गाठलं, पेटीकडे बोट दाखवलं, घरातून चिकटपट्टी आणि पेन आणून दिलं आणि मी आडनाव नीट लिहितो की नाही हे शेजारी उभं राहून पाहिलं. 

हा मुलांचा भत्ता म्हणजे किंडरगेल्ड. 2025 साली तो दर मुलामागे महिन्याला 255 युरो होता. तो आपोआप सुरू होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि अर्ज उशिरा केला तर मागचे जास्तीत जास्त सहा महिनेच मिळतात. दोन मुलांच्या घरात हा केवढा आधार आहे हे सांगायला नको. इथे कामाला आलेल्या परदेशी आईबापांनाही तो मिळतो, हे आम्हाला कुणी सांगितलं? बायकोच्या वॉर्डातल्या एका फिलिपिनो परिचारिकेने.

नावांच्या बाबतीत तुम्हाला मुंबईत बसून बरंच काही करता येईल. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, विवाह नोंदणीवर तिसरं, हे चालून जातं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मधे येतं, कधी येत नाही. कित्येक जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. आपला कारकून ते बघून मान डोलावतो, कारण त्याच्याही घरी तीच परिस्थिती असते. इथला कारकून दोन कागद शेजारी ठेवतो आणि विचारतो, ही दोन माणसं आहेत का? मग प्रतिज्ञापत्र, त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, ते पोहोचेपर्यंत व्हिसाची रांग. महापालिका, ग्रामपंचायती, विवाह नोंदणी कार्यालयं ही राज्याच्याच अखत्यारीत आहेत. निवड झालेल्या उमेदवाराच्या सगळ्या कुटुंबाचे दाखले, ते कुटुंब जर्मनीला निघण्याआधीच, एकसारखे करून देणारी एक खिडकी प्रत्येक जिल्ह्यात उघडली, तर त्याला युरोत खर्च येणार नाही.

भाषेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण खरं दुखणं तिथे आहे.

परिचारिकेला इथे पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-2 पातळीची (युरोपातल्या सहा भाषापातळ्यांपैकी चौथी) जर्मन लागते, शिवाय आपल्या पदवीत जे कमी पडतं ते भरून काढायला एक तर प्रशिक्षण नाही तर परीक्षा. तोवर ती सहायक म्हणून कमी पगारावर काम करते. माझ्या बायकोने हे सगळं केलं. रात्रपाळी करून घरी आल्यावर पुस्तक उघडलेलं मी पाहिलं आहे, आणि वर्गात शिकलेली जर्मन घेऊन वॉर्डात गेल्यावर ऐंशी वर्षांचे आजोबा श्वेबिश बोलीत काय म्हणतात हे न कळून रडकुंडीला आलेलीही पाहिली आहे. (तुमच्या वर्गांत श्वेबिशच्या चार-दोन ध्वनिफिती ऐकवा. निम्मी भीती तिथेच जाईल.) तरी तिला वर्ग होते, शिक्षक होते, रुग्णालयाने नेमलेली एक सोबतीण होती. तिच्या जर्मनची काळजी करणारं कुणीतरी होतं, कारण तिची जर्मन रुग्णालयाला हवी होती.

घराची जर्मन मात्र बोलायची माझ्यावर आली. तिची सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होते, दुपारची रात्री नऊपर्यंत चालते. शाळा आणि डॉक्टर उघडे असतात तेव्हा ती कामावर असते. म्हणजे शिक्षिकेची चिठ्ठी मी वाचायची, बालरोगतज्ज्ञाच्या स्वागतकक्षात फोन मी करायचा, धाकटीला बालवाडीत जागा मिळावी म्हणून पालिकेच्या दारात मी उभं राहायचं. व्हिसाच्या कायद्याने जोडीदाराकडे भाषेचं प्रमाणपत्र मागितलं काय आणि न मागितलं काय, शाळा ते मागतेच, फक्त तोंडी मागते.

पहिल्या वर्षी आमच्या फ्रिजवर एक कागद होता. त्यावर मी देवनागरीत जर्मन वाक्यं लिहून ठेवली होती : मुलाचं नाव, जन्मतारीख, विमा कंपनी, ताप किती, कधीपासून, पाणी पितोय का. फोन लावायचा आणि कागद वाचायचा. पलीकडच्या बाईंनी कागदाबाहेरचा एक प्रश्न विचारला की संपलं. एका शनिवारी थोरल्याचा कान दुखायला लागला. डॉक्टर बंद. तातडीच्या खोलीत नेण्याइतकं आहे का ते कळेना, आणि बायको वॉर्डात, तिचा फोन लॉकरमध्ये. इथे जिवावरचं असेल तर 112, आणि तेवढं नसेल पण सोमवारपर्यंत थांबण्यासारखंही नसेल तर 116117 या क्रमांकावर डॉक्टरची सोय होते. हा दुसरा क्रमांक मला त्या दिवशी शेजारच्या बाईंनी आमच्याच कागदावर खाली लिहून दिला. मूल आजारी पडलं तर सरकारी विम्यातल्या आईबापांना 2024 आणि 2025 साली दर मुलामागे प्रत्येकी पंधरा दिवसांची पगारी सोय होती, हेही असंच कुणाकडून तरी कळलं. या गोष्टी गुप्त नाहीत. सगळ्या छापील आहेत, जर्मनमध्ये.

मग जोडीदाराने इथे येऊन जर्मन शिकावी, त्यात काय, असं तुम्ही म्हणाल. जर्मन सरकारचा चांगला वर्ग आहेही. इंटिग्रेशन कोर्स, सहाशे तासिका भाषेच्या आणि शंभर तासिका इथला इतिहास, कायदा, समाज. मी तो केला. पण तो वर्ग सकाळचा होता आणि सकाळी धाकटी घरी होती. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालसंगोपन केंद्रात जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्यात आहे. हक्क आहे, जागा नाही. माणसं कमी आहेत म्हणून गट बंद आहेत, वेळा कापल्या आहेत. आणि या केंद्रांत माणसं कमी का, तर जर्मनीला माणसं कमी पडतात म्हणूनच तर तुमची योजना आहे! मूल बालवाडीत जात नाही म्हणून आईला किंवा बापाला वर्गात जाता येत नाही, वर्ग झाला नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून एका पगारावर घर, म्हणून परिचारिका जादा पाळ्या घेते, म्हणून मुलांना सांभाळायला घरी दुसरं कुणी लागतंच. आमची गाठ सुटली ती धाकटीला जागा मिळाल्यावर. माझ्या वर्गात बायकाच जास्त होत्या. कुणी मधूनच येईनाशी झाली, की बाकीच्या विचारायच्या नाहीत, त्यांना कारण माहीत असायचं.

जोडीदाराला इथे काम करायची कायद्याने मुभा आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अमेरिकेचे किस्से ऐकून अनेकांची समजूत उलटी असते. कुटुंब म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर कोणतीही नोकरी करता येते. अडतं ते परवान्यावर नाही. मी एका गोदामात अर्धवेळ कामाला लागलो. 2025 मध्ये महिना 556 युरोपर्यंतच्या अशा कामाला मिनीजॉब म्हणत, आणि त्यात कौटुंबिक विमा तसाच राहतो. आता एका लेखापालाच्या कचेरीत आहे. मधल्या काळात गावाकडून फोन आला की सासऱ्यांना कुणीतरी विचारायचं, जावई तिकडे काय करतात? सासरे सांगायचे, मुलांचं बघतात. पलीकडे जरा वेळ शांतता. हे हसण्यावारी नेता येतं, आम्ही नेलंही. पण मी असे दोन संसार पाहिले आहेत जिथे हे हसण्यावारी गेलं नाही. एका घरी नवरा परत गेला आणि सहा महिन्यांनी ती परिचारिकाही. रुग्णालयाच्या दृष्टीने एक कर्मचारी गळाली. करारातल्या दहा हजारांतून वजा एक.

म्हणून माझी मुख्य मागणी साधी आहे. उमेदवाराला जर्मन शिकवता त्याच वर्गात जोडीदाराला बसवा. वेगळी इमारत नको, वेगळा शिक्षक नको. मागच्या बाकावर दोन खुर्च्या वाढवा. ए-2, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीपर्यंत पोचलेला नवरा किंवा बायको इथे उतरली, तर पहिलं वर्ष वाया जात नाही. तिकडे वर्गाच्या वेळी मुलांना सांभाळायला आजी-आजोबा असतात, इथे नसतात, एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मुलांच्या शाळेचं मात्र आईबापांना निघण्याआधी समोर बसवून सांगा, कागदावर देऊन भागणार नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीत, म्हणजे मूल नऊ-दहा वर्षांचं असताना, पुढे गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूलं (दहावीपर्यंतची मधली शाळा) की आणखी कुठली शाळा हे ठरतं. 2012 पासून तिथे शेवटचा शब्द पालकांचा असे. आता तसं राहिलं नाही. 2025 मध्ये पाचवीत गेलेल्या मुलांपासून गिम्नाझियुमसाठी तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास 4' नावाची जर्मन आणि गणिताची परीक्षा, आणि पालकांची इच्छा. पालकांची इच्छा एकटी पुरत नाही. राहिलेला मार्ग म्हणजे आणखी एक चाचणी. ही 'कोम्पास 4' चौथीच्या सुरुवातीलाच, नोव्हेंबरात असते.

आता हे तुमच्या उमेदवाराच्या घरात नेऊन बसवा. आई आधी गेली, मुलगा तिसरी संपवून जुलैत इथे आला. त्याला जर्मन येत नाही म्हणून तो तयारीच्या वर्गात, फोरबेराइटुंग्सक्लासंमध्ये बसला. वर्ग चांगला असतो, आमचा थोरला त्यातूनच गेला. शिक्षिका कागदी घड्याळाचे काटे फिरवून वेळ सांगायला शिकवायच्या आणि तो घरी येऊन आम्हाला दुरुस्त करायचा. पण गणितात पहिला येणारा मुलगाही शाब्दिक उदाहरण जर्मनमध्ये वाचताना अडतो, आणि त्याच्या आईबापांना वाटतं पोराचं डोकंच चालेनासं झालं. तेच मूल दीड-दोन वर्षं आधी आलं असतं तर चित्र निराळं असतं. उशिरा आलं तरी सगळं बुडालं असं नाही : रेआलशूलंनंतर व्यावसायिक गिम्नाझियुममधून विद्यापीठापर्यंत जाता येतं, आणि इथे कुशल कारागिराला जो मान आणि पैसा आहे तो पाहून माझं स्वतःचं मत बरंच बदललं आहे. पण हे आईबापांनी डोळे उघडे ठेवून ठरवावं. दहावी बोर्डाचं गणित डोक्यात घेऊन येणाऱ्या मराठी घराला चौथीत आयुष्याचा फाटा फुटतो हे विमानतळावर उतरल्यावर कळू नये.

शाळा दुपारी सुटते, बारा-एकला, हेही त्यात सांगा. प्राथमिक शाळेत दिवसभराच्या सोयीचा हक्क 2026-27 पासून पहिलीच्या मुलांना लागू होतो आणि मग दर वर्षी एकेक इयत्ता वाढत जाते. तोवर, आणि तिसरी-चौथीतल्यांसाठी त्यानंतरही, दुपार कुणाच्या तरी अंगावर पडणार. आणि भावाच्या लग्नाला म्हणून आठवडाभर शाळा बुडवता येत नाही. आधी परवानगी घ्यावी लागते, न घेता गेलात तर दंड होऊ शकतो. लग्नाची तारीख इथल्या शाळेच्या सुट्टीत धरा असं मी सांगितलं तेव्हा घरी केवढा गहजब झाला, ते राहू द्या.

चालकांसाठी एक ओळ : भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तेव्हा अनुभव वीस वर्षांचा असला तरी अभ्यासाची तयारी ठेवून पाठवा. जोडीदारालाही हाच नियम, आणि गावाबाहेर घर मिळालं तर दुसरा परवाना ही चैन नसते.

बाकी रोजचं जगणं जमतं. कचऱ्याचे चार डबे, रविवारी बंद दुकानं, रात्री दहानंतरची शांतता, हे सगळं पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. त्यावरच लोक व्याख्यानं का देतात कळत नाही. आमच्या या श्वाबेन भागाची म्हणून एक खास गोष्ट आहे, केअरवोखं. आठवडाभर जिना आणि अंगण झाडायची पाळी एकेका घरावर येते, आणि पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी लटकते. आमच्या दाराला पहिल्यांदा ती पाटी दिसली तेव्हा कुणीतरी चुकून अडकवली असेल म्हणून मी ती समोरच्यांच्या दाराला लावून आलो. त्या संध्याकाळी समोरच्या आजोबांनी ती परत आणून लावली आणि झाडू कसा धरायचा तेही दाखवलं. त्यानंतरच खरी ओळख झाली, इतकी की पुढे थोरल्याच्या वाचनाचे अर्धे तास त्यांनीच घेतले. इथली माणसं तुसडी असतात असं आपल्याकडे सांगून पाठवतात. माझा अनुभव तसा नाही. ती आपण होऊन विचारत नाहीत, पण तुम्ही विचारलंत तर सगळी कामं सोडून सांगत बसतात. फक्त विचारायला भाषा लागते, म्हणजे पुन्हा तिथेच.

केरळकडे बघा. अनिवासी केरळींसाठी त्यांनी 1996 सालीच स्वतंत्र विभाग काढला, आणि त्यांची नॉर्का रूट्स ही संस्था जर्मनीच्या रोजगार संस्थेबरोबर 2021 पासून परिचारिका पाठवण्याचा कार्यक्रम राबवते. इथल्या मल्याळी परिचारिकेला अडचण आली, की फोन कुठे करायचा हे तिला माहीत असतं. आम्हाला अडचण आली की आम्ही मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. दिवसभर कामावर असलेली चार भली माणसं रात्री उत्तरं देतात. पासपोर्टाचं काम असेल तर इथून म्युनिकच्या वाणिज्य दूतावासात. त्यांचं काम पासपोर्टाचं आहे, चौथीच्या परीक्षेचं नाही. महाराष्ट्राने दहा हजारांची गोष्ट करायची, तर मराठीत उत्तर देणारा एक माणूस तरी पगारावर नेमावा. दोन देशांत साडेतीन तासांचं अंतर आहे, हिवाळ्यात साडेचार. इथे शाळा सुटते तेव्हा तुमची कचेरी उघडीच असते.

आणि जमलं तर एक लहानशी पुस्तिका छापा, फक्त जोडीदारासाठी. टपालपेटीवर सगळी आडनावं लिहा, इथपासून सुरू होणारी. मजकूर मी लिहून देतो, बायको दवाखान्याचा भाग तपासेल, थोरला जर्मन शब्द. पैसे नकोत. जोडीदारांचे वर्ग सुरू झाले तर शनिवारी तुमच्या दुपारी, म्हणजे माझ्या सकाळी, फोनवर डॉक्टरशी कसं बोलायचं हे शिकवायलाही मी ऑनलाइन बसेन. माझा पत्ता आणि फोन क्रमांक मूळ पत्रासोबत टपालाने पाठवत आहे.

आपला नम्र,
एका परिचारिकेचा नवरा,
बाडेन-वुर्टेमबर्ग